उचंत खात्यातील चेहरे

दीपावलीपूर्वी माळा आवरण्याची रीत आपल्या सर्वांच्याच घरी आहे. २००९ साली वारजे येथील आमच्या घरी अशीच आवराआवर चालू असताना एक पत्र्याची ट्रंक खाली उतरली आणि पुढे दोन वर्षे ती परत वर गेली नाही. तिच्यात आमच्या घराण्याचे जुने फोटो होते. वास्तविक त्यांची संख्या याहून पुष्कळ अधिक असावयास हवी होती. पण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी शनिवार पेठेतील आमच्या जुन्या घरात शिरले. हिशेबाच्या वह्या, दागिन्यांचा डबा आणि हाताशी आलेले फोटो एवढेच घेऊन मंडळी बाहेर पडली. पुराने जे सोडले, तेवढेच त्या ट्रंकेत होते. पुढे १९९७ साली वारजे पुणे महानगरपालिकेत आले, महामार्गालगत वस्ती वाढली आणि कालांतराने आम्हीही पेठ सोडून येथे राहावयास आलो. ज्या मुठेने घर धुऊन नेले, तीच येथेही जवळून वाहते.

ट्रंकेतील आणि नंतरच्या अल्बममधील मिळून सुमारे सहाशे फोटो चिरंजीवांनी स्कॅन करून संगणकात घातले. अडचण पुढेच होती. बहुतेक फोटोंच्या पाठीमागे काहीही लिहिलेले नव्हते. स्टुडिओचा शिक्का होता, पण माणसांची नावे नव्हती. ज्यांनी फोटो काढून घेतले, त्यांना नावे लिहिण्याची गरज कधी वाटली नसावी. समोर बसलेल्या आपल्याच माणसाचे नाव कोण लिहितो?

त्याच सुमारास चेहरे ओळखून फोटो लावून देणारी सॉफ्टवेअरे सामान्य माणसाच्या हाती प्रथमच येत होती. सप्टेंबर २००८ मध्ये गुगलच्या पिकासा वेब अल्बममध्ये ही सोय आली. जानेवारी २००९ मध्ये ॲपलने आयफोटोत ‘फेसेस’ जाहीर केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घरच्या संगणकावरील पिकासातही ती उपलब्ध झाली. अशा सॉफ्टवेअरांपैकी एक घेऊन त्याची परीक्षा पाहावी, असे आम्ही ठरविले. त्या परीक्षेत यंत्र किती गुण मिळवून गेले, यापेक्षा आमचीच परीक्षा कशी झाली, हे सांगण्यासाठी हा लेख.

रोजमेळ आणि खतावणी

हे यंत्र काय करते, ते आपल्यासारख्या व्यापारी माणसाला समजणे कठीण नाही. दिवसभराचे व्यवहार रोजमेळात एकाखाली एक लिहिले जातात. मग खतावणी करताना प्रत्येक आसामीची रक्कम तिच्या खात्यावर चढते. फोटोंचा ढीग हा रोजमेळ आहे. त्यातील प्रत्येक चेहरा उचलून त्याच्या त्याच्या खात्यावर नेणे, ही या सॉफ्टवेअरची खतावणी.

पण चेहरा उचलायचा कसा? संगणकाच्या दृष्टीने फोटो म्हणजे कमी-अधिक उजेडाच्या ठिपक्यांची जाळी. त्यातील कोणते ठिपके चेहऱ्याचे, हे आधी ठरवावे लागते. २००१ साली पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स या संशोधकांनी त्यासाठी एक वेगवान रीत दिली. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद असतो, नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ असतो. अशा उजेड-अंधाराच्या साध्या चौकोनी खुणा एकामागून एक तपासत जायचे आणि जेथे त्या जुळत नाहीत ती जागा तत्काळ सोडून द्यायची. त्यामुळे साध्या संगणकालाही क्षणार्धात चेहरा सापडू लागला.

चेहरा सापडला, तरी तो कोणाचा हा प्रश्न उरतोच. त्याचा इतिहास त्याहून जुना आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत वुडरो ब्लेडसो यांच्या प्रयोगांत डोळ्यांचे कोपरे, ओठांच्या कडा अशा खुणा माणूस हाताने नोंदवी आणि संगणक त्यांमधील अंतरे पडताळी. १९७३ साली जपानमधील क्योटो विद्यापीठात ताकेओ कानाडे यांनी आपल्या प्रबंधात त्या खुणा शोधण्याचे कामही संगणकावर सोपविले. १९९१ साली मॅथ्यू टर्क आणि ॲलेक्स पेंटलंड यांनी अनेक चेहऱ्यांचा एक सरासरी चेहरा काढून, प्रत्येक माणूस त्या सरासरीपासून कोणत्या दिशेने किती वेगळा आहे, हे आकड्यांत मांडले. रीत कोणतीही असो, शेवटी प्रत्येक चेहऱ्याची एक आकड्यांची ओळ होते. दोन ओळींतील अंतर ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर यंत्र दोन्ही चेहरे एका खात्यावर टाकते. मर्यादा सैल ठेवली तर दोन भाऊ एकाच खात्यात जातात. कडक ठेवली तर एकाच माणसाची दहा खाती उघडतात.

मुहपत्ती, पगडी आणि लांछन

आमचे यंत्र रात्रभर चालले. सकाळी पडद्यावर चेहऱ्यांच्या चौकटी ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीखाली नाव विचारलेले होते. अलीकडच्या रंगीत फोटोंत त्याने उत्तम काम केले. मुलांचे वाढदिवस, साखरपुडे, दुकानाचे उद्घाटन येथे समोरून पाहणारे चेहरे त्याने झपाट्याने एकत्र आणले. जे काम आम्हाला महिनाभर पुरले असते, ते चार दिवसांत उरकले.

जुन्या फोटोंकडे वळताच मात्र त्याची दमछाक झाली. सामायिकात बसलेल्या मंडळींच्या मुखावर मुहपत्ती. तोंड झाकलेला चेहरा त्याच्या लेखी चेहराच नव्हता. एका चातुर्मासातील फोटोत तीसहून अधिक श्रावक-श्राविका बसलेल्या असताना त्याला तीनच माणसे दिसली. कपाळापर्यंत पदर ओढलेल्या काकीजी त्याला सापडल्या नाहीत. पगडीतील आजोबा आणि उघड्या डोक्याचे आजोबा त्याने दोन निराळे गृहस्थ मानले.

सर्वांत मौज झाली ती यात्रेच्या फोटोंत. पालिताणा, कुंभोज, कात्रजचे आगम मंदिर अशा ठिकाणच्या फोटोंतील जिनप्रतिमांनाही त्याने चेहरे म्हणून टिपले, एकाच खात्यात टाकले आणि खाली विचारले: यांचे नाव काय? मुले हसली. पण विचार केला तर यंत्राची तेथे चूक नव्हती. तीर्थंकरांच्या प्रतिमांची मुद्रा सारखीच असते. ऋषभदेवांना आपण वृषभाच्या लांछनावरून ओळखतो, पार्श्वनाथांना नागफणांवरून, महावीरस्वामींना सिंहावरून. चेहऱ्यापलीकडे काही ठाऊक असल्यावाचून ओळख पुरी होत नाही, हे आपल्या परंपरेने शिल्पातच सांगून ठेवले आहे.

तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. काहीतरी आहे एवढे प्रथम जाणवते, तो अवग्रह. हे काय असावे, याचा शोध घेणारी ती ईहा. हे अमुकच, असा निर्णय म्हणजे अवाय. आणि तो निर्णय टिकून राहणे, ही धारणा. यंत्र पुद्गल आहे. त्याला ज्ञान होते असे कोणी म्हणणार नाही. पण त्याच्या कामाची मर्यादा या चार शब्दांनी मला जशी उमगली, तशी कोणत्याही माहितीपुस्तकाने उमगली नाही. चेहरा आहे, एवढे ते टिपते. कोणासारखा आहे, याचा तर्क ते करते. पण ‘हे अमुकच’ हा निर्णय त्या फोटोंबाबत देऊ शकणारी एकच व्यक्ती आमच्या घराण्यात उरली होती: आमच्या थोरल्या भुआजी.

एक चुकीची जुळणी

भुआजींचे वय तेव्हा ७८ होते. दुपारचे एकासन आटोपून त्या संगणकासमोर खुर्ची टाकून बसत. यंत्र एकेक चेहरा मोठा करून दाखवी आणि त्या नाव सांगत. केवळ नाव नव्हे; गाव, नाते, कोणाकडे दिलेली, पेढी कोणत्या मालाची, स्वभाव कसा, सारे काही. ज्यांची ओळख पटेना ते चेहरे चिरंजीवांनी एका वेगळ्या गटात ठेवले आणि आमच्या जुन्या मुनीमजींच्या शब्दात त्याला नाव दिले, ‘उचंत खाते’. ज्या रकमेचा धनी ठरत नाही, ती तात्पुरती जेथे ठेवावी, ते खाते.

एके दिवशी यंत्राने माझ्या मुलीच्या खात्यावर एक चेहरा सुचविला. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तो फोटो १९४० च्या आसपासचा, एका स्टुडिओतील कौटुंबिक फोटो होता. पाठीमागच्या ओळीत, काठाशी, परकर-पोलक्यातील एक मुलगी उभी होती. ‘हीच का?’ असे यंत्र विचारीत होते. चिरंजीव हसून फुली मारणार, तोच भुआजी म्हणाल्या, “थांब रे. ही माझी धाकटी बहीण.”

आम्हाला कोणालाही भुआजींना धाकटी बहीण असल्याचे ठाऊक नव्हते. ती दहाव्या वर्षी तापाने गेली होती. त्यानंतर तिच्या आईसमोर तिचे नाव काढायचे नाही, असा घरात अलिखित नियम झाला. आई गेल्यावरही तो नियम राहिला आणि पुढच्या पिढीला त्या नियमाचे कारणही कळले नाही. सुमारे ६५ वर्षे ते नाव केवळ भुआजींच्या धारणेत होते. त्या दिवशी त्यांनी ते उच्चारले, माझ्या मुलीकडे पाहिले आणि पदराने डोळे टिपून म्हणाल्या, “पुढचा दाखव.”

यंत्राची जुळणी साफ चुकीची होती. एकीचा चेहरा त्याने दुसरीच्या खात्यावर टाकू पाहिला होता. पण त्याने तो चेहरा आमच्यासमोर मोठा करून धरला आणि प्रश्न विचारला. तो प्रश्न खरे तर आम्ही कित्येक वर्षांपूर्वी विचारावयास हवा होता. त्यासाठी संगणकाची आवश्यकता नव्हती.

जे राहिले ते

काम पुरे झाले नाही. दिवाळी आली, दुकानाची गर्दी वाढली, मग लग्नसराई. उरलेले चेहरे पुढच्या सुट्टीत पाहू, असे दोनदा ठरले. २०११ साली भुआजींनी देह ठेवला. उचंत खात्यात तेव्हा चाळीस चेहरे शिल्लक होते. ते आजही तेथेच आहेत आणि तेथेच राहतील.

दुसरा धक्का २०१३ मध्ये बसला. संगणकाची हार्ड डिस्क गेली. फोटोंच्या प्रती सीडीवर होत्या, पण चेहऱ्यांना दिलेली नावे फोटोंत नव्हे, तर सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नोंदींत साठलेली होती. ती गेली. वाचले ते केवळ माझ्या पत्नीने भुआजींशेजारी बसून शंभर पानी वहीत उतरविलेले टिपण. सॉफ्टवेअरचे आयुष्यही मोठे नसते; खुद्द गुगलने पिकासाचा आधार १५ मार्च २०१६ पासून काढून घेतला. वही मात्र अजून कपाटात आहे.

दरम्यान यंत्र फार पुढे गेले. २०१४ साली फेसबुकच्या संशोधकांनी ‘डीपफेस’ ही पद्धती मांडली. दोन फोटो एकाच माणसाचे आहेत की नाहीत, या प्रमाणित चाचणीत तिची अचूकता ९७.३५ टक्के होती, म्हणजे माणसाच्या जवळपास. आता हातातील मोबाइल न सांगताच चेहरे वेगळे करतो आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळावर २०२३ पासून डिजियात्रेच्या सोयीने चेहरा दाखवून आत जाता येते.

सोय वाढली, तशी जबाबदारीही वाढली. नोव्हेंबर २०२१ मध्ये फेसबुकने चेहरे ओळखण्याची आपली व्यवस्था बंद करून शंभर कोटींहून अधिक लोकांचे चेहऱ्यांचे आराखडे पुसण्याचे जाहीर केले. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. घरगुती वापर त्याच्या कक्षेबाहेर आहे. पण श्रावकाला कायद्याआधी व्रत असते. न दिलेली वस्तू घेणे ते अदत्तादान. दुसऱ्याचा चेहरा नावानिशी चारचौघांत मांडण्यापूर्वी त्याला विचारावे, आणि साधू-साध्वीजींच्या बाबतीत तर विशेष सांभाळावे, असे मला वाटते.

वाचकहो, यंदा वहीपूजनाच्या आधी आपलीही ट्रंक खाली उतरवा. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला शेजारी बसवा आणि त्यांच्या बोलण्याचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. जुन्या कागदी फोटोच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता, डावीकडून उजवीकडे नावे लिहा. शाई पुढच्या बाजूस उतरू शकते. मागची बाजू गुळगुळीत असेल, तर फोटो पाकिटात घालण्याआधी पाकिटावर लिहा. नावासोबत नाते, गाव आणि अंदाजे वर्ष लिहा. एक प्रत वहीत ठेवा. नंतर यंत्राला हवे तेवढे काम द्या. वर्गवारी ते आपल्यापेक्षा झटपट करील.

हिशेबात उचंत रक्कम राहिली, तर ती वर्षअखेरीस कोठेतरी वळती करता येते. चेहऱ्यांना ती सोय नाही. नाव सांगणारा जोवर समोर बसलेला आहे, तोवरच ते खाते मिटते.