गडी केव्हा बदलावा?

‘पोकेमॉन’ हा खेळ जपानात १९९६ साली प्रथम निघाला. हातात मावणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर काल्पनिक प्राण्यांची लढत चालते. प्रत्येक पक्षाजवळ फार तर ६ गडी, आणि साध्या लढतीत मैदानावर एका वेळी एकच. दोघेही आपापली चाल मनाशी ठरवतात. मग त्या चाली उघड होतात. वडीलधारी माणसे याला पोरखेळ म्हणतात. मला मात्र त्यातला एक प्रश्न चांगलाच विचार करण्याजोगा वाटतो. मैदानातला गडी मागे केव्हा घ्यावा?

वरवर पाहता उत्तर सोपे आहे. पाण्याचा मारा अग्निजातीच्या गड्यास दुप्पट लागतो, वनस्पतिजातीच्या गड्यास निम्मा. तेव्हा समोर पाण्याचा ‘ब्लास्टॉइज’ उभा राहिला की आपला अग्निजातीचा ‘चारिझार्ड’ काढावा आणि वनस्पतिजातीचा ‘व्हीनसॉर’ आणावा. पण बदली फुकट होत नाही. तिच्यात आपली पाळी खर्ची पडते. बदली आधी होते, घाव मागून येतो, आणि तो नव्या गड्यावर बसतो. शिवाय समोरचा काही झोपलेला नसतो! बदली होणार हे ताडून त्याने बर्फाचा मारा केला, तर तो व्हीनसॉरला दुप्पट लागतो. म्हणून ‘माझा गडी धोक्यात आहे काय?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘येणारा घाव कोणी सोसावा?’ हे विचारावे लागते. विजेचा मारा भूमिजातीच्या गड्यास मुळीच लागत नाही. वीज येणार अशी खात्री असेल तर त्याला आणण्यासारखी दुसरी बदली नाही.

मागे घेतल्याने काय जाते, तेही पाहावे. गड्याने मैदानात वाढवलेले बळ नाहीसे होते. त्याला आलेली भ्रमिष्टावस्था जाते, लकवा मात्र राहतो. २००६ सालच्या आवृत्तीत ‘स्टेल्थ रॉक’ नावाची चाल आली. ती पडलेल्या मैदानात पाऊल ठेवताच अणकुचीदार दगड लागतात. सामान्य गड्याची अष्टमांश शक्ती जाते, चारिझार्डची चक्क निम्मी. त्याला मागे घेणारा पुन्हा आणताना पस्तावतो.

सर्वांत अवघड प्रसंग घायाळ गड्याचा. एक गडी पडला की त्याच्या जागी येणारा समोरच्याचा घाव न सोसता येतो. तेव्हा दहावा हिस्सा शक्ती उरलेल्यास वाचवण्यासाठी धडधाकट गड्याला घावापुढे लोटणे बहुधा तोट्याचे ठरते. कामगारांत वावरलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब रुचत नाही. असा हिशेब मांडणाऱ्या मालकांशीच आमचे भांडण असते. पण हे प्राणी मरत नाहीत, मूर्च्छित पडतात, आणि पुढे उपचारकेंद्रात पूर्ववत होतात. तेवढ्यापुरता मी तो क्षम्य मानतो. मात्र समोरच्या उरलेल्या गड्यांपैकी एखाद्याला रोखणारा आपल्याकडे हा घायाळच एकटा असेल, तर त्याला मागे घ्यावे आणि तो घाव दुसऱ्याने सोसावा.