मोटरच्या मंडलातील वितळतार

पेण तालुक्यातील हमरापूर हे गाव, शेजारच्या जोहे गावाप्रमाणेच, गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. मूर्तींवर रंगाचा फवारा मारण्यासाठी लागणारी दाबाची हवा मोटरवर चालणारा कॉम्प्रेसर पुरवितो. अशा मंडलात बसविलेल्या फ्यूजला ‘मोटरचा फ्यूज’ म्हणण्याची रूढी आहे. या प्रयोगातील षष्ठी मात्र दिशाभूल करणारी आहे. फ्यूज, अर्थात पाठ्यपुस्तकांतील ‘वितळतार’, ही मुख्यतः वायरिंगचे रक्षण करते, मोटरचे नव्हे.

याचे कारण मोटरच्या प्रारंभप्रवाहात आहे. २ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर घेऊ. तिची उत्पादित शक्ती १४९२ वॅट. दाब २३० व्होल्ट, कार्यक्षमता ०.७५ व शक्तिगुणांक ०.८ धरल्यास पूर्णभारी प्रवाह सुमारे ११ अँपिअर येतो. परंतु स्थिर मोटर गती घेईपर्यंत काही क्षण याच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. १० अँपिअरची वितळतार तेथे टिकत नाही; २० किंवा २५ अँपिअरची घ्यावी लागते. आता पट्टा ताणल्याने किंवा बेअरिंग अडकल्याने मोटर सतत १५ अँपिअर घेऊ लागली, तर ही तार वितळणार नाही. मोटरचे वेटोळे मात्र जळेल. त्यासाठी स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले हवा व तो मोटरच्या पट्टीवर छापलेल्या प्रवाहाला जुळविलेला हवा.

वारंवार फ्यूज उडतो म्हणून हाताशी येईल ती जाड तार भरणे हा सर्वांत घातक उपाय होय. विल्यम प्रीस यांनी १८८० च्या दशकात मांडलेल्या नियमानुसार वितळप्रवाह तारेच्या व्यासाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो. तांब्याची ०.५ मिलिमीटरची तार सुमारे २८ अँपिअरला वितळते. १ मिलिमीटरची सुमारे ८० अँपिअरला. व्यास दुप्पट, प्रवाह जवळजवळ तिप्पट. मग तारेआधी वायरिंगच तापते, आणि रंग, थिनर व कागद असलेल्या जागेत त्याचे परिणाम सांगावयास नकोत.

तेव्हा क्रम असा ठेवावा: प्रथम पट्टीवरील प्रवाह वाचावा, त्याच्या सुमारे दुप्पट क्षमतेची प्रमाणित वितळतार निवडावी, आणि तिला साजेशी वायर, वरील उदाहरणात तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची, घालावी. एवढे करूनही फ्यूज उडत राहिला, तर दोष मोटरीत, कॉम्प्रेसरमध्ये किंवा वायरिंगमध्ये शोधावा.