लष्करातून सुटलेली जोंगा

जबलपूरच्या वाहन निर्माणीत १९६९ पासून १९९९ पर्यंत एक गाडी बनत होती आणि तिथून थेट लष्कराच्या ताब्यात जात होती. शोरूम आणि जाहिरातीशी तिचा संबंध नव्हता. देवळाली, कामठी, खडकी किंवा तेव्हाचं अहमदनगर अशा छावण्यांच्या आसपास वाढलेल्यांनी ती रस्त्यावर पाहिलेली असते, पण शेजाऱ्याच्या दारात सहसा नाही. कॅनव्हासचं छप्पर, चौकोनी अंग, मागे ट्रेलर ओढायचा दणकट हूक आणि चढावर लागताच बदलणारा इंजिनाचा खर्ज, ही तिची ओळख. नाव जोंगा. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्ली' या लांबलचक सरकारी नावातून ते घडलं.

गाडी मुळात जपानी. निस्सान कंपनीच्या पॅट्रोल या गाडीची साठची मालिका भारतीय लष्कराने पसंत केली, १९६५ मध्ये तिचे हक्क घेतले आणि पुढे ती जबलपुरात बनू लागली. बॉनेटखाली एका ओळीत सहा सिलिंडरचं ३,९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन. सिलिंडरचा व्यास ८५.७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ११४.३ मिलिमीटर. धाव व्यासापेक्षा एवढी लांब असली की इंजिन जोरात फिरायला नाखूश असतं, पण कमी फेऱ्यांतच ओढ देतं. डोंगरात, चिखलात, मागे तोफेचा किंवा दारूगोळ्याचा ट्रेलर अडकवलेला असताना हीच ओढ लागते. तिची किंमत पेट्रोलच्या पंपावर मोजावी लागते. लष्कराच्या खात्यात ती खपून गेली. खासगी मालकाला मात्र पहिल्याच महिन्यात घाम फुटतो.

लष्कर आपल्या गाड्या जातींत मोजतं. चिलखत असलेल्या त्या 'ए' गाड्या, चिलखत नसलेल्या वाहतुकीच्या त्या 'बी'. रणगाड्यांचं म्हातारपण तुलनेने सुखात जातं. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून पुढच्या अनेक पिढ्या ओळीने उभ्या आहेत आणि शाळांच्या सहली त्यांच्यासमोर फोटो काढतात. जोंगा, निस्सानचा एक-टनी किंवा जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपुरात बनलेला शक्तिमान ट्रक, ही सगळी 'बी' मंडळी. रसद, जखमी, टपाल, अधिकारी, वायरलेस संच, सगळं यांनीच वाहिलं. सेवा संपली की बहुतेकांच्या नशिबी लिलाव.

दुरुस्ती परवडत नाही असा शेरा पडला की गाडी 'कंडेम' होते. पूर्वीपासून एक दुसरी वाटही आहे. लष्कराच्या पाचव्या वर्गातल्या, म्हणजे अजून थोडा जीव उरलेल्या 'बी' गाड्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना देण्याची पुनर्वसन संचालनालयाची योजना. बाकीच्या गाड्या लॉटने विकल्या जातात. आता हा लिलाव 'एमएसटीसी' या सरकारी कंपनीमार्फत संगणकावर होतो, आणि एका लॉटमध्ये बऱ्या गाडीबरोबर नुसते सांगाडेही असतात. म्हणून एकट्यादुकट्या हौशी माणसापेक्षा व्यापारीच तिथे बोली लावतात. पश्चिम बंगालमधलं पानागढ आणि पंजाब-हरियाणाच्या सीमेवरची मंडी डबवाली ही या व्यापाराची नावाजलेली ठिकाणं. पानागढला दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांचा मोठा तळ होता. डबवालीत तर जुन्या चासीवर कोऱ्या पत्र्याची जीप उभी करून देणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत.

इथेच शोध घेणाऱ्याची पहिली अडचण सुरू होते. गाडी मिळते, जोंगा मिळत नाही. आधीच्या मालकाने पेट्रोलला कंटाळून मूळ इंजिन भंगारात घातलेलं असतं आणि त्या जागी मिळेल ते डिझेल बसवलेलं असतं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मॅटाडोरसाठी घेतलेलं मर्सिडीजच्या रचनेचं 'ओएम ६१६' हे डिझेल इंजिन भारतातल्या कितीतरी जीपगाड्यांच्या पोटात गेलं. ते टिकाऊ होतं आणि सुटे भाग तालुक्याला मिळायचे. बसवणाऱ्याचं काही चुकलं असं म्हणवत नाही. निर्माणीलाही शेवटी हेच उमगलं असावं: १९९६ मध्ये नागरिकांसाठी हिनो डिझेल इंजिन आणि पाच गिअरची जोंगा आली खरी, पण मोजक्याच गाड्या विकल्या गेल्या. तीन वर्षांनी सगळंच थांबलं.

चांगली गाडी ओळखायची तर आधी रंग खरवडावा लागतो. वरचा पांढरा किंवा लाल थर निघाला की खाली पुट्टी, त्याखाली लष्कराचा हिरवा, कधी हिरव्याचेच दोन-तीन थर. नशीब असेल तर बंपरवर किंवा मागच्या पॅनेलवर स्टेन्सिलने मारलेला जुना नंबर उमटतो: आधी वर टोक केलेला बाण, मग वर्षाचे दोन अंक, वर्गाचं अक्षर, क्रमांक आणि शेवटी आणखी एक अक्षर. जाणते लोक तिथे ग्राइंडर लावू देत नाहीत. बारीक पॉलिशपेपर, पाणी आणि वेळ. चासीवर ठोकलेल्या नंबराची तर जिवापाड काळजी. आरटीओत त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि ठसा घेतात. गंज काढण्याच्या उत्साहात एखादा आकडा पुसट झाला, तर कागदोपत्री ती गाडी कुणाचीच राहत नाही. लिलावाचं पत्र हरवलेली सुंदर गाडी आणि पत्रासकट मिळालेला गंजका सांगाडा यांत अनुभवी माणूस सांगाडा उचलतो.

विंटेज मोटारींच्या जगात 'नंबर जुळणं' हा मोठा मान: चासी, इंजिन, गिअर बॉक्स, सगळं कारखान्यातून एकत्र निघालेलं. लष्करी गाडीला हा निकष लावणं मुळात चूक आहे. लष्करात इंजिन बिघडलं तर युनिट ते दुरुस्त होण्याची वाट पाहत बसत नसे. उघडून ईएमई या लष्कराच्या दुरुस्ती विभागाच्या वर्कशॉपकडे पाठवायचं आणि तिथून ओव्हरहॉल होऊन आलेलं दुसरं बसवायचं. खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपसारख्या ठिकाणी अशी कामं पिढ्यान्‌पिढ्या चालली. तेव्हा एखाद्या जोंगातलं इंजिन तिच्या चासीच्या वर्षाशी जुळत नसेल, तर ती तिच्या नोकरीचीच खूण समजावी. शोरूममधल्या कोऱ्या गाडीसारखी तिला चकचकीत करणाऱ्यांनी तिला कधीच नसलेलं एक आयुष्य तिच्यावर लादलेलं असतं.

जोंगाच्या आधीची पिढी म्हणजे जीप, आणि तिचा पत्ता शोधणं याहून चकव्याचं. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त युद्धकालीन जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर अमेरिकन तळांवरच्या कितीतरी भारतातच राहिल्या. त्यानंतर मुंबईत माझगावला १९४९ मध्ये महिंद्राने विलीजची जीप जुळवायला घेतली. त्या कंपनीची सुरुवात १९४५ ची, 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. माझगावची गाडी नागरी 'सीजे' मालिकेची. दिसायला युद्धातल्या जीपसारखीच, त्यामुळे आज 'बर्मा आघाडीवरची विलीज' म्हणून जे विकायला येतं, त्यात महिंद्राच निघण्याचा संभव दांडगा.

फरक ओळखायच्या खुणा बारीक आहेत. युद्धकाळातल्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी, नागरी जीपला सात. युद्धातल्या गाडीचे दिवे जाळीच्या आत दबलेले आणि बिजागरीवर बसवलेले, रात्री उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडता यावा म्हणून. तिला मागे उघडणारं फळकूट नाही. चाक आणि जेरीकॅन मागेच टांगलेले. विलीज की फोर्ड हा पुढचा प्रश्न चासीच्या पुढच्या आडव्या दांडीवर सुटतो: विलीजची गोल नळी, फोर्डची पालथ्या 'यू'च्या आकाराची. आणि फोर्डने आपल्या भागांवर 'एफ' हे अक्षर कोरलं, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा. सत्तर-ऐंशी वर्षांच्या ग्रीसखालून ते वळणदार 'एफ' वर आलं की गॅरेजातली माणसं हातातली कामं टाकून पाहायला येतात. फोर्डच्या चासीवर विलीजचं इंजिन आणि जालंधरचा पत्रा अशी खिचडीही सर्रास आढळते. उलट बाजूने पाहिलं तर भारतात बनणारे जुन्या जीपचे सुटे भाग अमेरिका-युरोपातले शौकीन मागवतात, तेव्हा खिचडी दोन्हीकडे शिजते.

जीप काय किंवा जोंगा काय, दुरुस्तीत खरा वेळ खातो तो फोर-व्हीलचा संच. गिअर बॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. तिच्यातून एक शाफ्ट मागच्या एक्सलकडे, दुसरा पुढच्याकडे जातो. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, पण दोन्ही शाफ्टना मात्र एकाच वेगाने फिरावं लागतं. चिखलात टायर घसरून तो हिशेब मिटवतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही, म्हणून ताण शाफ्ट, जॉइंट आणि गिअरच्या दातांत साठत जातो आणि ट्रान्सफर केसचा दांडा हलेनासा होतो. लष्करी ड्रायव्हरला हे शिकवलेलं असे. नंतरच्या मालकाने लग्नाच्या वरातीत थाटात चारही चाकं जोडून गाडी फिरवलेली असते. केस उघडली की खाल्लेले दात सगळी हकिकत सांगतात.

इंजिनाचं काम त्यामानाने ओळखीचं: सिलिंडर बोअर करणं, ओव्हरसाइज पिस्टन-रिंग, क्रँक घासणं, हेडचं फेसिंग. शहरातला कुठलाही जुना लेथवाला हे करतो. पिस्टन, व्हॉल्व्ह, गॅस्केट मिळवणं अवघड, कारण जबलपुरातलं उत्पादन थांबून पंचवीस वर्षं उलटली. मग परदेशातल्या जुन्या पॅट्रोलचे भाग, बंद पडलेल्या डेपोतला न उघडलेला माल, किंवा दुसरी जोंगा. दोन-तीन मढी आणून एक जिवंत करणं हा या छंदातला उघड मामला आहे. ज्या गाड्या मुळातच कमी उरल्यात, त्या याने आणखी कमी होतात. यावर हौशी लोकांत रात्र-रात्र वाद रंगतात.

सगळं जमलं, गाडी उभी राहिली, आता रंग. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ क्रमांकाचा नियम सांगतो की संरक्षण खात्याखेरीज कुणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. म्हणजे खरवडून-खरवडून जो रंग शोधून काढला, तोच लावायचा नाही. नियमामागचं कारण समजण्याजोगं आहे, लष्करी वेशातली खोटी गाडी कुणालाही नको. पण त्यामुळे देशातल्या उत्तम राखलेल्या लष्करी गाड्या राखाडी, वाळूच्या किंवा गडद निळसर रंगात फिरतात. काही जण बाहेरून नियमाचा रंग देतात आणि डॅशबोर्डच्या मागे, सीटखाली, बॉनेटच्या आतल्या बाजूला मूळ हिरवा तसाच ठेवतात. रंगाच्या वादावरचा हा सर्वांत शहाणा तोडगा वाटतो.

कागदांची दुसरी गाठ २०२१ ची. त्या वर्षी केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली: पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती यांपुरती मुभा. यात पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. नियम शब्दशः वाचला तर १९७० मध्ये बनलेली, लष्करात राबलेली आणि १९८५ मध्ये विकली गेलेली जोंगा २०३५ पर्यंत तरुणच ठरते. लष्करातली पंधरा वर्षं हिशेबात नाहीत. शिवाय मूळ स्वरूपाची अट असल्याने मॅटाडोरचं इंजिन पोटात असलेल्या गाडीला हा दरवाजा बंदच. ज्यांनी भंगारात गेलेली सहा सिलिंडरची इंजिनं किलोच्या भावाने उचलून ठेवली होती, त्यांच्याकडे आता लोक फेऱ्या मारतात.

महेंद्रसिंग धोनी २०१९ मध्ये रांचीत स्वतःच्या जोंगात दिसला आणि जबलपूरचं हे नाव क्रिकेटच्या पानांवर छापून आलं. ज्यांनी तोवर ते ऐकलंही नव्हतं, तेही चौकशी करू लागले. चौकशी करणाऱ्यांतले बहुतेक जण मायलेज ऐकून मागे फिरतात, हे या गाड्यांच्या दृष्टीने बरंच आहे.

जे टिकून राहतात त्यांच्यापुढे सध्याची चिंता इंधनाची. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून येतं. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. रोज धावणाऱ्या गाडीत टाकी रिकामी होऊन भरत राहते, त्यामुळे फारसं बिघडत नाही. वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या जोंगात मात्र पाणी टाकीच्या तळाशी बसतं, तिथून गंज सुटतो आणि तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. म्हणून मेकॅनिक आता यांत्रिक पंपाचा पडदा आणि सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवतात, टाकीनंतर जादा फिल्टर घालतात आणि पावसाळ्यात गाडी उभी करण्याआधी टाकी कोरडी करायला सांगतात.