कुरकुरणारी गाडी

गतिरोधकावरून गाडी उतरली की खालून ‘कुईं’ असा आवाज येतो. संशय शॉकअॅब्सॉर्बरवर जातो. चोर पुष्कळदा रबरी बुश निघतो.

सस्पेन्शनच्या लोखंडी सांध्यांत हे बुश बसवलेले असतात. रबर जुनं होऊन कडक झालं की धातूवर सरकताना ते अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं. तेही सेकंदाला शेकडो वेळा. व्हायोलिनची तार गजाखाली अशीच थरथरते. तिथे टाळ्या मिळतात, एवढाच फरक!

चोर पकडायला पाण्याची फवारणी पुरते. एकेका बुशवर पाणी मारायचं आणि बॉनेटवर हातांनी दाब देऊन गाडी झुलवायची. आवाज थांबला, तो सांधा दोषी.

तिथे सिलिकॉन ग्रीस लावावं. इंजिन ऑइल नको. त्याने रबर फुगून मऊ पडतं. बुशला तडे गेले असतील, तर तो बदलावाच लागतो.