कायद्यामागच्या बायका (भाग ६) : सत्यराणींचा खटला

मागच्या भागात १९६१चा हुंडाबंदी कायदा पाहिला. कायदा कागदावर होता, पण सून जळून मेली की पंचनाम्यात बहुधा तेच लिहून यायचं : स्टोव्हचा भडका उडाला, साडीने पेट घेतला. प्रकरण तिथेच मिटायचं.

१९७९ मध्ये दिल्लीत सत्यराणी चढ्ढा यांची गरोदर मुलगी शशीबाला सासरी अशीच जळून गेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. स्कूटरसाठी सासरचा तगादा चालू होता. अशा वेळी आईला नातेवाईक काय सांगतात, ते आपल्या घरांतूनही ऐकलेलं असतं : गेलेली परत येणार आहे का? कशाला कोर्टाची पायरी चढता? सत्यराणी चढल्या. आणि स्वतःची तारीख नसतानाही जाऊ लागल्या, दुसऱ्यांच्या मुलींसाठी.

शहाजहान आपांचीही मुलगी हुंड्यापायी गेली होती. एक हिंदू आई, एक मुसलमान आई. १९८७ मध्ये दोघींच्या पुढाकाराने 'शक्तिशालिनी' ही संस्था उभी राहिली. सासर तुटलेल्या आणि माहेरीही थारा नसलेल्या बायकांना निवारा, आणि चौकी-कोर्टात सोबत. मला ही सोबत फार मोलाची वाटते. एकट्या बाईला 'घरचं भांडण घरी मिटवा' म्हणून परत पाठवणं सोपं असतं. तिच्या शेजारी जाणती बाई बसली असेल, तर ती जबाब वाचून दाखवायला लावते, एफआयआरची प्रत मागते. ती प्रत फुकट मिळणं हा तक्रारदाराचा हक्क आहे, हे आजही कित्येकींना माहीत नसतं.

याच काळात देशभर मोर्चे निघत होते. पुण्यात १९८२ मध्ये मंजुश्री सारडा यांच्या मृत्यूने शहर हादरलं. त्या मृत्यूच्या खटल्यात त्यांच्या पतीची १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्दोष मुक्तता झाली. पण त्या अस्वस्थतेतून विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींचा नारी समता मंच उभा राहिला होता, 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन लोकांपुढे गेलं होतं.

या रेट्याने कायदा बदलला. १९८३ मध्ये सासरच्या छळासाठी कलम ४९८-अ आलं. १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब आलं : लग्नापासून सात वर्षांच्या आत बाई जळून किंवा संशयास्पद रीतीने मेली आणि मरणाआधीच्या काळात हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचं सिद्ध झालं, की न्यायालयाने ते मरण सासरच्यांमुळेच आलं असं गृहीत धरायचं. तसं नाही, हे मग त्यांनी दाखवायचं. बंद दाराआड घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणणार, या आयांच्या प्रश्नाला मिळालेलं हे उत्तर. भारतीय न्याय संहितेत हेच आता कलम ८० आहे.

शशीबालाला मात्र त्याचा उपयोग नव्हता. फौजदारी कायदा मागे जाऊन लागू होत नाही आणि ती सात वर्षं आधीच गेली होती. तिच्या नवऱ्याला २००० मध्ये आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल दोषी धरलं गेलं. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम केलं, तेव्हा खटल्याला ३४ वर्षं झाली होती. तो शरण आला नाही. २०१४ मध्ये सत्यराणी वारल्या.

हुंडाबळीचं कलम बाई मेल्यावर लागू होतं. ती जिवंत असताना त्याच घरात राहण्याचा हक्क देणाऱ्या २००५च्या कायद्याविषयी पुढच्या आठवड्यात.