चावी काढली तरी सेल्फ थांबेना!

किनवटहून माहूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जीप उभी आहे अशी कल्पना करा. चालकाने चावी फिरवली, सेल्फ घरघरला. पण चावी मागे फिरवून खिशात टाकली तरी घरघर चालूच! थोड्याच वेळात जळकट वास येऊ लागतो. चावीच नाही, तर वीज येते कोठून?

सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणारी विद्युत मोटर. चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेली अशी मोटर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आली. तोवर हँडल मारावे लागे, आणि ते उलटे फिरले की हात मोडत असे! जीपची ही मोटर १२ व्होल्टच्या बॅटरीतून २०० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. एवढा प्रवाह चावीच्या चिमुकल्या स्विचमधून नेता येत नाही. म्हणून चावी एका बारीक तारेतून थोडासाच प्रवाह सोलेनॉइडला, म्हणजे विद्युतचुंबकाला, पाठवते. तो आपल्या पोटातला लोखंडी दांडा ओढून घेतो. त्यासरशी मोटरचे लहान दंतचक्र फ्लायव्हीलच्या दात्यांत शिरते आणि तांब्याची एक चकती बॅटरी व मोटर यांची जाड टोके जोडते. चावी सोडली की स्प्रिंग दांड्याला मागे ढकलते.

आता संशयित दोन. एक तर चावीचा स्विच किंवा बारीक तार अजून प्रवाह देत असेल, नाही तर चकतीच टोकांना चिकटली असेल.

सर्वांत आधी गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, ते पाहून मिस्त्री बॅटरीची अर्थची तार सोडवतो. येथे मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो; तुम्ही मात्र हे करू नका. मग तो सोलेनॉइडची बारीक तार काढतो आणि अर्थची तार क्षणभर पुन्हा टेकवतो. मोटर फिरली? बारीक तार तर निघालेली आहे. तेव्हा दोष सोलेनॉइडच्या आत. नाही फिरली, तर तो चावी बंद ठेवूनच सुट्या तारेचे टोक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये १२ व्होल्टचा दिवा धरतो. दिवा लागला की स्विच किंवा तार दोषी. एक तार काढून निम्मे मंडल संशयातून वगळायचे, ही युक्ती मला फार आवडते.

पण तांबे चिकटते कसे? पुष्कळदा मूळ कारण अशक्त बॅटरी असते. मोटरने प्रवाह ओढताच तिचा विद्युतदाब कोसळतो, चुंबकाची पकड सुटते, स्प्रिंग चकती उचलते. भार गेला की दाब पुन्हा वाढतो, चकती पुन्हा आपटते. तोच तो ‘कट्-कट्-कट्’ आवाज! प्रत्येक उचलीला ठिणगी. समजा, खडबडीत झालेल्या त्या जागेचा रोध ०.०१ ओहम आहे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे २०० × २०० × ०.०१ = ४०० वॅट. पाणी तापवायच्या लहान कॉइलएवढी उष्णता टाचणीच्या डोक्याएवढ्या जागी! तांबे वितळते आणि थिजताना टोकाला जोडले जाते. इवलीशी स्प्रिंग ते कसे तोडणार?

जाणता मिस्त्री म्हणूनच नवा सोलेनॉइड बसवण्याआधी बॅटरीच्या टोकांवर जमलेला पांढरट-हिरवा थर खरवडून काढतो आणि बॅटरीतील आम्लाची घनता हायड्रोमीटरने तपासतो.