आवाज नेमका कुठून येतोय?

सकाळी ९

पुण्याच्या बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या बाजूला, दुकानं उघडायला अजून वेळ असतो. आवाजाची तक्रार असलेली मशीन्स मी याच वेळेला घेतो. एकदा टेम्पो आणि रिक्षा सुरू झाल्या की बारीक आवाज कानाला वेगळा काढता येत नाही.

आज इंजिनिअरिंगच्या एका मुलाचा पीसी आलाय. त्यालाही सोबत बोलावलंय, कारण मशीन काय करत असताना ओरडतं हे वापरणाऱ्यालाच ठाऊक असतं. "काका, गेम लावला की कुईंऽऽ करतं. मेन्यूत तर जास्तच." मेन्यू म्हटल्यावर माझा संशय ग्राफिक्स कार्डावर गेला. पण नुसत्या संशयावर पार्ट बदलायचा नसतो.

सव्वानऊ

आधी पंखे बाद करायचे. एकेका पंख्याची पिन काही सेकंदांपुरती काढली, कुई तशीच. मग कुरियरच्या कागदाच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी घेतली. चालू बोर्डाजवळ धातू न्यायचा नाही, म्हणून पुठ्ठा. एक टोक कानाला, दुसरा कान बोटाने बंद, आणि नळी हळूहळू फिरवायची. एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर, काही नाही. प्रोसेसरशेजारी काही नाही. ग्राफिक्स कार्डाच्या टोकाला चौकोनी चोकांची रांग आहे, तिथे नळी आली आणि आवाज एकदम कानात घुसला.

चोक म्हणजे गाभा आणि त्याच्याभोवतीची तांब्याची तार. तिच्यातला प्रवाह सेकंदाला लाखो वेळा वर-खाली होतो. हा वेग आपल्या कानापलीकडचा आहे, आपल्याला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. ऐकू येते ती कार्डावरचा भार ज्या गतीने चढतो-उतरतो ती गती. मेन्यूतलं चित्र साधं असतं, म्हणून कार्ड ते सेकंदाला हजार-दोन हजार वेळा काढत सुटतं. भारही तितक्याच वेळा हेलकावतो, चुंबकीय ओढीने तार आणि गाभा थरथरतात आणि शिटी वाजते. बोर्डावरचे सिरॅमिक कपॅसिटरही व्होल्टेज बदललं की किंचित आकसतात-फुगतात आणि बोर्डाला वाजवतात.

सेटिंगमध्ये जाऊन फ्रेम ६० वर बांधल्या. कुई बंद. बंधन काढलं, पुन्हा चालू. मुलाने स्वतः नळी लावून दोनदा खात्री करून घेतली. कार्ड बिघडलेलं नाही, या आवाजाने ते जळणारही नाही. चोकांवर गोंद ओतायचे व्हिडिओ पाहून काही जण तसं करतात. कृपा करून करू नका. हल्लीचे चोक बंदिस्त असतात, गोंद आत जात नाही आणि उष्णता मात्र कोंडते.

साडेअकरा

फोन. "कॉम्प्युटरच्या मागून फस्स् फस्स् येतंय, मधूनच चट् होतं." मी एकच विचारलं, वास येतोय का? येत होता. भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा, पुन्हा लावून बघू नका, एवढंच सांगितलं. स्थिर शिटी सहन करता येते. चटचट आणि जळका वास असला की नळी लावून ऐकत बसायचं नसतं. एसएमपीएस बदलायचा. तो घरी उघडायचाही नाही. २३० व्होल्टचं आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं आणि प्लग काढल्यावरही ते मोठ्या कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतं.

दुपारी १

कर्वेनगरात एका गाणं शिकवणाऱ्या ताईंकडे. त्यांचे विद्यार्थी परदेशात आहेत, शिकवणी ऑनलाइन चालते. स्पीकरमधून सतत घूं येते आणि तानपुऱ्यावर चढते. "दादा, हा सूर पांढरी पाचच्या खर्जात आहे, किंचित चढा," त्या म्हणाल्या. अर्धं निदान त्यांनीच केलं. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००. पांढरी पाच खाली ९८ हर्ट्झच्या आसपास बसते. म्हणजे ही घूं कॉम्प्युटरच्या आतल्या चोकाची नाही, भिंतीतल्या विजेची आहे.

स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढली, घूं गेली. लावली, आली. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला टेस्टर टेकवला तर दिवा पेटला. "तिथे हात लागला की झिणझिण्या येतात खऱ्या," ताई म्हणाल्या, "आणि हात असेपर्यंत घूं कमी होते." इतकी नेमकी माहिती क्वचित मिळते.

मल्टिमीटर लावला. फेज ते न्यूट्रल २३१. फेज ते अर्थ आकडे नुसते भरकटत होते. मेन बंद करून सॉकेट उघडला. वरच्या मोठ्या भोकामागचा स्क्रू कोरा होता, तिथे तार जोडलेलीच नव्हती. तीन पिनांचा प्लग, तीन भोकांचा सॉकेट आणि आत दोनच तारा. पुण्यातल्या जुन्या इमारतींत आणि भाड्याच्या खोल्यांत मला हे वारंवार दिसतं, आणि दर वेळी राग येतो.

एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. विजेतला गोंगाट त्यांनी अर्थमध्ये सोडायचा असतो. अर्थच नसेल तर कॅबिनेट साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण त्याला बाहेर पडायला वाट हवी असते, ती स्पीकरच्या वायरमधून सापडते आणि स्पीकर घुमायला लागतो. घूं ही त्यातली किरकोळ गोष्ट. उद्या आत फेजची तार पत्र्याला टेकली तर ताईंना वाचवणारं त्या सॉकेटमध्ये काहीच नव्हतं.

साडेतीन

वायरमन आला. डीबीपर्यंत, म्हणजे घरातल्या मुख्य वीजपेटीपर्यंत, अर्थ होती, खोलीपर्यंत ओढलेली नव्हती. त्याने पाइपातून हिरवी तार आणली. न्यूट्रल ते अर्थ आता सव्वा व्होल्ट, टेस्टर विझलेला, घूं गेली.

ताईंनी तरीही कान देऊन सांगितलं, माउस हलवला की बारीक चिर्र येते. ही मात्र आतली. पुढच्या जॅकची वायर ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून गेली होती. पिन मागच्या जॅकला लावली, चिर्र थांबली. मागे लावूनही राहिली असती तर बाहेरचं यूएसबी साउंड कार्ड सुचवलं असतं, मदरबोर्ड बदलायला सांगितलं नसतं.

सहा

दुकानात एकच काम. लाइट जाऊन मशीन यूपीएसवर गेलं की एसएमपीएस कुईं करतो, लाइट आली की गप्प. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गोल लहर देत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची देतो, आणि हल्लीच्या बऱ्याच एसएमपीएसना ती मानवत नाही. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस लावून पाहिला, आवाज आला नाही. गिऱ्हाइकाला किंमत सांगितली, निर्णय त्यांचा.

साडेसात

बिलं लिहिली. ताईंच्या बिलात एकही पार्ट नाही. नवे स्पीकर त्यांनी जवळजवळ मागवलेच होते.

हे वाचणाऱ्यांना एक विनंती. कॅबिनेटला हात लागून झिणझिण्या येत असतील किंवा स्पीकर सतत घुमत असेल, तर काहीही विकत घेण्याआधी वायरमनला बोलवा आणि त्या सॉकेटची अर्थ मीटरने मोजून घ्या. मोजलेला आकडा स्वतः पाहा. "अर्थ आहे हो" एवढ्या उत्तरावर त्याला जाऊ देऊ नका.